प्राडाने चप्पल आपलीच दाखवली, फक्त नाव घेतलं नाही. आणि कायद्याचा सगळा खेळ त्या नावातच आहे!

२२ जून २०२५. इटलीतलं मिलान शहर. प्राडा या जगातल्या बड्या लक्झरी ब्रँडचा पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो सुरू होता. एकेक मॉडेल रॅम्पवर येत होता आणि जात होता. फॅशनवाले लोक कपडे बघत होते.

भारतातल्या लोकांचं लक्ष मात्र पायांकडे गेलं.

अंगठा, मधला पट्टा, वेणीसारखी गुंफण, सपाट तळ. आपल्याकडच्या कुठल्याही शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं की ही कोल्हापुरी आहे. शोमध्ये एकूण ५६ पोशाख होते आणि त्यातल्या किमान ७ पोशाखांबरोबर ही चप्पल होती. प्राडाने मात्र तिला साधं ‘लेदर सँडल्स’ म्हटलं. कोल्हापूरचा उल्लेख नाही, महाराष्ट्राचा नाही, भारताचाही नाही.

मग जे व्हायचं ते झालं. रील्स आल्या, मीम्स आले. ‘प्राडाची कोल्हापुरी १ लाख २० हजारांना’ हा आकडा तर सगळीकडे फिरला. आजही हा विषय निघाला की पहिल्यांदा तोच आकडा सांगितला जातो. गंमत म्हणजे तेव्हा ती चप्पल विकायलाच आली नव्हती. डिझाइन अजून प्राथमिक टप्प्यावर आहे आणि यातली कुठली वस्तू बाजारात आणायची हे ठरलेलं नाही, असं कंपनीनेच नंतर कळवलं होतं.

म्हणजे आपण किमतीवर भांडत होतो आणि मूळ भांडण नावाचं होतं. ते नाव इतकं महत्त्वाचं का, ते न घेतल्याने प्राडाचा फायदा झाला की तोटा आणि त्यानंतर कोल्हापूरच्या कारागिरांच्या पदरात काय पडलं, हेच नीट समजून घेऊया.

त्यासाठी आधी जून २०२५ चा तो अख्खा आठवडा बघायला हवा, कारण हे एकट्या प्राडाचं प्रकरण नाही.

प्राडाच्या शोनंतर दोनच दिवसांनी, २४ जूनला, पॅरिसमध्ये लुई व्हितॉनचा मेन्सवेअर शो झाला. संकल्पना होती भारत. रॅम्पच्या जागी चक्क सापशिडीचा भलामोठा पट अंथरला होता. तो पट कोणी केला हे कंपनीने उघडपणे सांगितलं : स्टुडिओ मुंबईचे आर्किटेक्ट बिजॉय जैन.

२७ जूनला डिओरचा शो होता. जोनाथन अँडरसन या नव्या डिझायनरचं डिओरमधलं ते पहिलं मेन्सवेअर कलेक्शन. त्यातल्या एका कोटावर मुकैशचं काम होतं. मुकैश म्हणजे धातूची चपटी तार कापडातून ओवून केलेलं भरतकाम, आणि त्यासाठी ओळखलं जातं ते लखनौ. १२ कारागिरांनी ३४ दिवस राबून तो कोट तयार केला आणि त्याची किंमत २ लाख डॉलरच्या आसपास आहे, अशा बातम्या आल्या. लखनौचं नाव कुठे आहे, हा प्रश्न तिथेही विचारला गेला.

एकाच आठवड्यात तीन बडे ब्रँड, तिन्ही पुरुषांच्या कपड्यांचे शो आणि तिन्हीकडे भारतातलं काहीतरी. हे योगायोगाने होत नाही. मशीनवर बनलेल्या वस्तूची नक्कल काही आठवड्यांत बाजारात येते. मोठा लोगो तर नक्कल करणाऱ्यांचा सगळ्यात आवडता. मग श्रीमंत गिऱ्हाइकाला वेगळं द्यायचं काय? तर हात, वेळ आणि जुनेपणा. ‘ही वस्तू पिढ्यान्‌पिढ्या हाताने बनते’ हे वाक्य लक्झरीच्या बाजारात थेट किंमत वाढवतं. इंग्रजीत ज्याला हेरिटेज म्हणतात, तो या धंद्यातला कच्चा माल आहे.

आता या तिघांकडे पुन्हा बघा. आर्किटेक्टचं नाव घेतलं गेलं. चप्पल बनवणाऱ्याचं आणि तार ओवणाऱ्याचं राहिलं. आर्किटेक्टचा स्टुडिओ असतो, लेटरहेड असतं, करार असतो. रापी आणि आरी घेऊन बसलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्या कामाला ‘परंपरा’ म्हटलं की ते सगळ्यांचं होतं, आणि जे सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं.

कोल्हापुरीच्या बाबतीत तर ही गोष्ट जरा जास्तच टोचते.

कोल्हापुरी चप्पल बनते कशी? कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, म्हणजे वनस्पतींपासून केलेली प्रक्रिया. तळाला म्हशीचं जाड कातडं. वरच्या वेणीला शेळीचं मऊ कातडं. शिवण चामड्याच्या वादीची, खिळा कुठेच नाही. बाजूला दोन कान, पुढे अंगठा, वर हवा तर गोंडा. वेणी घालायचं बारीक काम बऱ्याच घरांत बायका करतात. ‘कापशी’ हा प्रकार गावाच्या नावावरून ओळखला जातो. आणि खुद्द कोल्हापुरात या सगळ्याला चप्पल कमी, पायताण जास्त म्हणतात.

हे काम केलं कोणी? कातडं कमवायचं काम ढोर समाजाकडे आणि चपला बनवायचं चर्मकार समाजाकडे. ज्या कातड्याला हात लावला म्हणून या लोकांना शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलं, त्याच कातड्याच्या वस्तूला आज आपण ‘आमचा वारसा’ म्हणतोय. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला राजाश्रय दिला ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण प्राडाने श्रेय दिलं नाही म्हणून चिडलेल्या आपल्यापैकी किती जणांना आपल्या पायातली जोडी कोणी शिवली हे माहीत आहे? मलाही माहीत नाही. कॉलेजला असताना पुण्यात फुटपाथवरून ३५० रुपयांना घेतलेली माझी ‘ओरिजिनल कोल्हापुरी’ पहिल्याच पावसात उकलली. तळातून निघाला पुठ्ठा आणि वरचं होतं रेक्झिन. खरी कोल्हापुरीही पाण्यात घालायची नसतेच म्हणा, पण तिच्यातून पुठ्ठा निघत नाही.

‘शेकडो वर्षं जशीच्या तशी चालत आलेली चप्पल’ हेही अर्धवट खरं आहे. मूळ पायताण जाड आणि वजनदार असायचं. १९२० च्या दशकात कोल्हापूरच्या सौदागर कुटुंबाने ते पातळ केलं, बाजूला छोटे कान दिले आणि ती ‘कानवली’ मुंबईच्या दुकानात पोहोचली, असं सांगितलं जातं. म्हणजे आज आपण जिला पारंपरिक म्हणतो, तीसुद्धा कधीतरी कुणाचं तरी नवीन डिझाइन होती.

आणि इथेच कायद्याचा मुद्दा येतो.

अनेकांचं म्हणणं होतं की कोल्हापुरीला जीआय टॅग आहे, मग प्राडाने तिचं डिझाइन वापरलंच कसं? टॅग आहे हे खरं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते एकट्या कोल्हापूरला नाही, तर आठ जिल्ह्यांना मिळून आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. त्यामुळे प्राडाचा वाद पेटला तेव्हा श्रेयात आमचाही वाटा आहे, असा आवाज कर्नाटकातूनही उठला. तो काही चुकीचा नव्हता. अथणी, निपाणी या भागात ही चप्पल पिढ्यान्‌पिढ्या बनतेय.

पण जीआय टॅग नावाचं रक्षण करतो, आकाराचं नाही.

म्हणजे असं की, या आठ जिल्ह्यांबाहेर बनलेली चप्पल कुणी ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली किंवा ती तिथलीच आहे असं भासवलं, तर तो जीआयचा भंग. पण कुणी तशीच दिसणारी चप्पल बनवून तिला ‘लेदर सँडल’ म्हटलं, तर हा कायदा तिथे लंगडा पडतो.

मग डिझाइनचा कायदा? तोही कामाचा नाही. भारतात २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी मिळते ती नव्या डिझाइनला, आणि तीही जास्तीत जास्त १५ वर्षांसाठी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चप्पल ‘नवीन’ म्हणून नोंदवणार कशी? गंमत बघा, जो जुनेपणा लक्झरीच्या बाजारात किंमत वाढवतो, तोच कायद्याच्या दारात आडवा येतो.

त्यात भारतातला जीआय भारतातच चालतो. शो झाला मिलानमध्ये.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. प्राडाने कोल्हापुरी हे नाव घेतलं नाही, म्हणून लोक चिडले. पण नाव घेऊन इटलीत बनवलेली चप्पल इथे विकली असती, तर कायद्याच्या कचाट्यात सापडण्याची शक्यता जास्त होती. ज्या गोष्टीचा आपल्याला राग आला, तीच कायद्याच्या बाजूने कंपनीची ढाल होती. त्यांनी हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण हिशेब तसा बसतो.

कोर्टातही हेच दिसलं. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. प्राडाने जाहीर माफी मागावी, कारागिरांना भरपाई द्यावी, अशा मागण्या होत्या. १६ जुलै २०२५ ला मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. कारण अगदी तांत्रिक होतं. कोल्हापुरीचा जीआय ज्यांच्या नावावर नोंदलेला आहे, त्यांनी दावा लावावा. जनहित याचिका हा त्याचा मार्ग नाही.

आणि हा जीआय आहे कोणाच्या नावावर? महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचं डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ, म्हणजे लिडकर. दोन्ही सरकारी महामंडळं. कारागीर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून त्यात नोंद करू शकतो, पण ती नोंदणी वेगळी करावी लागते. नुसती कोल्हापुरात चप्पल शिवली म्हणून ती आपोआप होत नाही.

कोर्टात काही हाती लागलं नाही. पण कोर्टाबाहेर बरंच घडलं, आणि ते सोशल मीडियाच्या गोंधळामुळे घडलं हे मान्य करायला हवं.

महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड ॲग्रिकल्चरचे अध्यक्ष ललित गांधी यांनी प्राडाला पत्र लिहिलं. शोला आठवडाही झाला नव्हता तोच उत्तर आलं, ते लॉरेंझो बर्टेली यांचं. हे प्राडा ग्रुपमध्ये सामाजिक जबाबदारीचा विभाग सांभाळतात आणि डिझायनर मिउचिया प्राडा यांचे चिरंजीव आहेत. या सँडल्स भारतातल्या पारंपरिक हस्तनिर्मित पादत्राणांवरून प्रेरित आहेत, हे त्यांनी त्यात मान्य केलं आणि स्थानिक कारागिरांशी बोलायची तयारी दाखवली. जुलैच्या मध्याला कंपनीची टीम कोल्हापुरात येऊन गेली.

मग ११ डिसेंबर २०२५ ला मुंबईत प्राडा, लिडकॉम आणि लिडकर यांच्यात सामंजस्य करार झाला. जाहीर झालं ते असं : महाराष्ट्र आणि कर्नाटकात साधारण २,००० जोड बनणार. एका जोडाची किंमत ८०० युरोच्या आसपास, म्हणजे करार झाला तेव्हाच्या दराने साधारण ८४ हजार रुपये. फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० प्राडा दुकानांत आणि ऑनलाइन विक्रीची योजना. कारागिरांसाठी प्रशिक्षण आणि काहींना इटलीतल्या प्राडा ॲकॅडमीत जायची संधी. आणि लेबल? ‘प्राडा मेड इन इंडिया’, कोल्हापुरी चपलेवरून प्रेरित.

म्हणजे जूनमध्ये न घेतलेलं नाव डिसेंबरमध्ये लेबलवर आलं.

‘मेड इन इंडिया’ हे लेबल प्राडासाठी नवीन नाही. २०१० मध्ये त्यांनी ‘मेड इन’ नावाची मालिका काढली होती. स्कॉटलंड, पेरू, जपान आणि भारत अशा देशांतल्या कारागिरांकडून वस्तू बनवून घ्यायच्या आणि देशाचं नाव लेबलवर छापायचं. भारतातून तेव्हा चिकनकारी घेतली होती. म्हणजे श्रेय कसं द्यायचं हे कंपनीला पंधरा वर्षांपूर्वीच माहीत होतं. २०२५ च्या जूनमध्ये ते का विसरलं गेलं, हे त्यांनाच ठाऊक. मुळात प्राडाची सुरुवातच १९१३ मध्ये मिलानमधल्या चामड्याच्या वस्तूंच्या दुकानाने झाली. चामड्याचं काम काय असतं हे या घराण्याला वेगळं सांगायला नको.

आता जरा पैशांचं गणित करू. २,००० जोड गुणिले ८०० युरो म्हणजे १६ लाख युरो, रुपयांत १७ कोटींच्या आसपास. ऐकायला मोठा आकडा आहे. पण प्राडा ग्रुपची २०२४ ची विक्री होती सुमारे ५४० कोटी युरो. म्हणजे ग्रुपकडे १०० रुपये येत असतील, तर या अख्ख्या चप्पल प्रकरणाचा त्यातला वाटा ३ पैसे. प्राडासाठी हा धंदा कमी आणि प्रतिमा सावरण्याचा खर्च जास्त, असं माझं मत. कोल्हापूर-अथणीकडून बघितलं तर चित्र बदलतं. तिथल्या एखाद्या छोट्या गटासाठी २,००० हाताने शिवलेले जोड ही मोठी ऑर्डर आहे.

त्यामुळे विचारायचा प्रश्न ‘८४ हजारांना विकतात, किती लुटतात’ हा नाही. लक्झरीची दुकानं तशीच चालतात, त्यात भाडं, जाहिरात, नफा सगळं येतं. विचारायचं हे की त्या ८४ हजारांतले किती रुपये वादी ओढणाऱ्यापर्यंत पोहोचतात? २,००० जोड संपले की पुढे काय? आणि ‘कोल्हापुरीवरून प्रेरित’ असं लेबल लावलेली पुढची चप्पल याच आठ जिल्ह्यांत बनेल, हे कोण बघणार?

जगात याची दोन उदाहरणं आहेत, आणि दोन्हींतून वेगवेगळं शिकायला मिळतं.

पहिलं पुरुषांच्या कपड्यांमधलंच, हॅरिस ट्वीड. उंची कोटांसाठी वापरलं जाणारं हे जाड लोकरी कापड स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज बेटांवर विणलं जातं. त्यासाठी ब्रिटनमध्ये १९९३ चा स्वतंत्र कायदा आहे. लोकर त्याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि कापड बेटावरच्या लोकांनी आपापल्या घरी हाताने विणलेलं हवं. तरच हॅरिस ट्वीड. त्यांचा गोलाचा ट्रेडमार्क तर १९१० पासूनचा आहे. त्यामुळे २००४ मध्ये नायकीला बुटांसाठी हे कापड हवं होतं, तेव्हा बेटावरच्या विणकराकडे हजारो मीटरची ऑर्डर द्यावी लागली. ‘ट्वीडवरून प्रेरित’ म्हणून नाव खपत नाही. नाव हवं तर कापड तिथलंच घ्यावं लागतं.

दुसरं उदाहरण मेक्सिकोचं, आणि ते तर आपल्या प्रकरणाचं जुळं भावंड वाटावं इतकं सारखं. आदिवासी समूहांच्या कलेचा वापर त्यांच्या परवानगीशिवाय करू नये, असा कायदा मेक्सिकोने २०२२ मध्ये केला. प्राडाचा वाद झाला त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, आदिदासचा एक बूट वादात सापडला. ओआहाका राज्यातल्या याललाग गावात विणल्या जाणाऱ्या चामड्याच्या वाहाणांशी तो मिळताजुळता होता. स्थानिक सरकार आक्रमक झालं आणि शेवटी आदिदासचे अधिकारी त्या गावात गेले, लोकांसमोर उभे राहिले आणि माफी मागितली. कंपनीला तिथे महामंडळासमोर नाही, गावासमोर उभं राहावं लागलं.

आपल्याकडे असा कायदा नाही. पण एक दार नुकतंच उघडलंय, त्याची चर्चा फार कमी झाली.

युरोपियन युनियनमध्ये आतापर्यंत भौगोलिक मानांकन मुख्यतः वाइन, चीज अशा खाण्यापिण्याच्या गोष्टींना मिळायचं. १ डिसेंबर २०२५ पासून तिथे हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठीही तशी नोंदणी सुरू झाली आहे. युरोपबाहेरच्या वस्तूंनाही अर्ज करता येतो, अट एवढीच की त्यांना आपल्या देशात संरक्षण असलं पाहिजे. कोल्हापुरीला ते आहे. लिडकॉम आणि लिडकर यांनी मिळून तिथे नोंदणी मिळवली, तर ‘कोल्हापुरी’ हे नाव मिलानच्या बाजारातही मोकाट वापरता येणार नाही. नाव न घेता आकार उचलला तर तेव्हाही प्रश्न उरेल. पण ‘कोल्हापुरी’ या शब्दाला आता जगभरात भाव आलाय, तो लेबलवर हवा असेल तर कोल्हापूरला यावं लागेल.

अर्थात नाव वाचलं तरी वस्तू वाचली पाहिजे. प्राडा यायच्या आधीपासून या धंद्याची दुखणी वेगळीच आहेत. कातडं कमावण्याची स्थानिक कामं कमी झाली, त्यामुळे बराचसा माल चेन्नईसारख्या ठिकाणाहून येतो. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला आणि बैलाच्या कातड्याचा पुरवठा थांबला. शिकलेल्या पोरांना या कामात यायचं नाही आणि त्यांना दोष देता येत नाही. दिवसभर वाकून वेणी घालायची आणि शेजारच्या दुकानात मशीनवर बनलेल्या सिंथेटिक जोडीशी भाव करायचा, हे कुणाला परवडेल?

ही नक्कल ओळखायची कशी? लिडकॉमने कोल्हापुरी चपलांसाठी क्यूआर कोड आणला आहे. मोबाईलने स्कॅन केला की चप्पल बनवणाऱ्या कारागिराचं किंवा युनिटचं नाव, ठिकाण, जिल्हा, वापरलेला माल आणि जीआय प्रमाणपत्राची स्थिती दिसते. कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला गेलात तर जवळच चप्पल लाईन आहे. तिथे जोडी हातात घेतल्यावर आधी ती उलटी करून तळाची शिवण बघा, चामड्याची वादी दिसते का ते बघा, आणि मग दुकानदाराला कोड विचारा. असेल तर स्कॅन करा. त्यात किंमत नसते, नाव असतं.